राहणारी माणसं

अकरा बदल्या आणि अकरा सरकारी क्वार्टर्स झाल्यावर बांधलेलं स्वतःचं पहिलं घर! फौजीची बायको तीन कंपन्यांचे घरविम्याचे फॉर्म काळ्या ट्रंकेवर पसरून बसली होती आणि लांबच्या ठाण्यावरच्या नवऱ्याला फोनवर धावतं वर्णन ऐकवत होती.

“अहो, ही तिसरी कंपनी निम्म्या पैशांत आग, चोरी, पूर सगळं देते! पण मेलीची अट बघा. घराला सलग महिनाभर कुलूप राहिलं, तर छदामही मिळणार नाही.”

“मग तीच घे.”

“घ्या! दर वर्षी दोन महिने कुलूप लावून तुमच्याकडे कोण येतं?”

“यंदा नको येऊस.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. “का? एवढी जड झाले?”

“फॉर्मवर राहणारी माणसं किती लिहिलीस?”

“एक. दुसरं कोण आहे इथे?”

“खोड ते, दोन कर. बदलीचा हुकूम आत्ताच हातात पडलाय. नवं ऑफिस आपल्या घरापासून सायकलने दहा मिनिटं!”

तिनं ‘एक’ खोडलं, आणि न घ्यायच्या दोन्ही कंपन्यांच्या फॉर्मवरही ठळक ‘दोन’ लिहून टाकलं.