वीणेचा पहारा

बनुबाईनं वाकून कडूबाईच्या पायांना हात लावला आणि मगच वीणा गळ्यात घातली. कडूबाईला क्षणभर बरं वाटलं. पण तो मान तिचा नव्हता, वीणेचा होता. उभ्या असलेल्या वीणेकऱ्याच्या पाया पडून वीणा घ्यायची आणि दुसरं कुणी घ्यायला येईपर्यंत ती खाली ठेवायची नाही, जागाही सोडायची नाही, असा कोल्हारच्या सप्त्याचा नेम.

हाच नेम आज कडूबाईच्या कामी येणार होता.

बायकांचे पहारे लावायचं काम तिच्याकडं असे. हरिपाठ आटोपला की कीर्तनाआधी मांडवात सत्कार होता. पत्रिकेत नुसतं 'आपल्या साप्ताहिकाचा गौरव' असं छापलं होतं, पण तो कुणाचा हे गावाला सांगावं लागत नव्हतं. पंचक्रोशीत बाईमाणसानं काढलेलं पहिलं साप्ताहिक बनुबाईचं. पहिली कादंबरीही तिचीच, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांवरची. नेमका सत्काराच्या वेळचा पहारा कडूबाईनं तिला दिला. त्यापुढचा स्वतःला ठेवला, न जाण्यासाठी. कीर्तनाला धरलेली जागा सोडून दुसरी कोण उठणार होती?

बनुबाई कुरकुरेल असं वाटलं होतं. तिनं तर पटकन मान डोलावली होती.

आता वीणा सावरत ती म्हणाली, "माझ्यानंतर तूच येशील ना गं?"

"मी न्हाई तर कोन येनार?"

"मग मांडवातच थांब. लांब जाऊ नको."

स्वतःच्या सुटकेची केवढी काळजी, कडूबाईच्या मनात आलं. ती मांडवाला वळसा घालून घाटाकडं निघाली. महाप्रसादाची भाजी चिरत बसलेल्या आक्काबाईनं हटकलं, मैत्रिणीचा सत्कार सोडून कुठं निघालीस म्हणून.

"तिच्या फोटोत मी मावत न्हाई," कडूबाई म्हणाली.

प्रवरेचं पाणी संथ होतं. कडूबाई पायरीवर टेकली. साप्ताहिक काढलं तेव्हा बनूची सासू तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नव्हती. कोप्यांवर, बाजारात, मोर्चात कडूबाईच फिरली. दिवसभर पाहिलेलं ती संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगायची आणि बनू लिहायची. पहिल्या अंकावर दोघींची नावं होती. मग कडूबाईच्या मालकानं घरातल्या बाईचं नाव छापायला बंदी घातली. ते गेलं ते गेलंच. बनूनं त्यासाठी एकदा तरी भांडायला हवं होतं.

पुढं बनूची पुस्तकं आली, नगरला सत्कार झाले. प्रत्येक वेळी कडूबाई पुढं बसून टाळ्या वाजवी आणि तळव्यांपेक्षा तिचं काळीजच जास्त तापे. कीर्तनात मत्सराचं निरूपण निघालं की तिचे डोळे भरून यायचे, आजपासून मन साफ ठेवीन असं ती पांडुरंगाला कबूलही करायची. सकाळी पेपरात बनूचा फोटो दिसला की सगळं वाहून जायचं.

वर टाळ थांबले. सत्काराची वेळ झाली. आता नाव पुकारतील आणि बाई वीणा घेऊन नुसती बघत राहील. कडूबाईनं पाय पाण्यात सोडले. लई वर्षांनी तिला गार वाटलं.

कर्ण्यातून कीर्तनकार गोरक्षनाथ महाराजांचा आवाज घाटापर्यंत आला.

"माउली, बनुबाई वीणेपाशी उभ्या आहेत आणि तिथंच राहणार आहेत. हा सत्कार त्यांनी घेतलेला नाही. ज्यांच्या पायांवर आपलं साप्ताहिक चाललं, त्या पहिल्या बातमीदाराची ही शाल आहे, असं त्यांचं म्हणणं. कडूबाई, पुढं या."

मांडवात टाळ्या उठल्या, लांबल्या आणि हळूहळू विरल्या. कुणी कुणाला काही विचारत असल्याची कुजबुज कर्ण्यातून ऐकू आली. मग महाराज पुन्हा बोलले, जरा हसून.

"कडूबाई, असाल तिथून या. वीणा घ्यायला बाया पुढं आल्यात, पण बनुबाई देत नाहीत. म्हणतात, कडूनं शब्द दिलाय, ती येईपर्यंत मी उभी राहीन."