आबांचं इंजेक्शन

"दार लावून घ्या, आबा," शिवप्रसाद म्हणाला आणि त्यानं खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

राधाकिशननं चष्मा पुसून बाटलीवरचं नाव वाचलं. ताकद वाढवायचं, खेळात बंदी असलेलं औषध होतं. जिंतूरच्या या दवाखान्यात कंपाउंडरकी करता करता त्याचे केस पांढरे झाले होते. पोरगं काय घेऊन आलंय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टर जेवायला घरी गेले होते, तेवढंच नशीब.

"हे बॉक्सिंगमधी चालत न्हाई, शिवा."

"सगळेच घ्यायलेत. मी एकटा न घेता रिंगात उतरायलोय अन् मार खाऊन यायलोय. सरकारनं समद्यालाच मोकळीक द्यावी की. बरोबरीची लढत हुईल."

"कशाची बरोबरी? ज्याच्या बापाची ऐपत जास्त, त्याचं औषध भारी. अन् काळीज बंद पडून मेलास म्हंजी?"

"तुमी टोचता, का दुसऱ्याकडं जाऊ?"

पोरगं एकदा इरेला पेटलं की कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही, आणि इथं तर बाप तोच होता. आपण नाही म्हणालो तर बाजारातला कुणीतरी भामटा टोचणार, हे त्याला दिसत होतं. "उद्या ये," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद येण्याआधी त्यानं बाटली मोरीत ओतली, धुतली आणि तिच्यात इंजेक्शनचं निव्वळ पाणी भरलं. यात त्याला नवं काही नव्हतं. सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात आल्याचं समाधानच न होणारी कितीतरी माणसं गावोगावाहून यायची. डॉक्टरांच्याच सांगण्यावरून तो त्यांना पाणी टोचायचा आणि ती खुशीत घरी जायची.

शिवप्रसादही खुशीत गेला. दर आठवड्याला येऊ लागला आणि जिंकूही लागला.

"अंगात हत्ती शिरल्यागत वाटायलंय, आबा. लय भारी."

राधाकिशन मान हलवायचा आणि आतून झुरायचा. खरं सांगावं तर पोरगं उद्याच खरं औषध घेणार. न सांगावं तर आपण चोरी करतोय, असं समजून ते खेळणार आणि चोरीत बाप सामील, असंही समजणार. असा कात्रीत सापडलेला माणूस बायकोजवळ मन मोकळं करतो. पण सुमनबाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

पुण्याच्या राज्य स्पर्धेत शिवप्रसादनं सुवर्णपदक मारलं आणि लगेच त्याची लघवी तपासणीला गेली. निकाल येईपर्यंत त्याला अन्न गोड लागलं नाही. घरात निवांत जेवत होता तो एकटा राधाकिशन.

निकाल स्वच्छ आला. शिवप्रसादनं निकालाचा कागद पुन्हा पुन्हा वाचला, मग तो बापाच्या पाया पडला.

"आता बास, आबा. इथून पुढं तुमाला पापात वढणार न्हाई."

त्या दिवसापासून सुई बंद झाली. राधाकिशनच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरगं शहाणं झालं, असं तो मनोमन म्हणाला आणि शनिवारी मारुतीला नारळ फोडून आला.

पुढच्या वर्षी राज्याच्या संघाची निवड परभणीत होती. शिवप्रसादनं समोरच्याला दुसऱ्याच फेरीत लोळवलं. संघात नाव लागलं. टाळ्या थांबतात न थांबतात तोच एक अधिकारी तपासणीची बाटली घेऊन आला.

शिवप्रसाद हसतच उठला. राधाकिशननं त्याला क्षणभर बाजूला घेतलं. वर्षभर साठवलेलं आता सांगायला हरकत नव्हती.

"बिनघोर जा. अन् एक ऐक. ते तुजं तूच जिंकलास, तवा बी अन् आता बी. मी टोचायचो ते निस्तं पाणी हुतं."

शिवप्रसादचं हसू तोंडावरच राहिलं. अधिकाऱ्यानं त्याचं नाव पुन्हा पुकारलं.

"आबा," तो पुटपुटला, "ते तपासणीत घावत न्हाई म्हून तर मी वर्षभर तेच औषध माज्या हातानं टोचून घ्यायलोय."