नॉट येट

पिंपरीतल्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीला गेले, तेव्हा साहेबांनी विचारलं, "मॅरीड?"

"नो, सर."

"नुसतं नो काय? 'नॉट येट' म्हणावं. आज ना उद्या होणारच की लग्न!"

लग्न ठरलं की मुलींनी राजीनामा द्यायचा, अशी तिथली रीत होती. कायदा नव्हता, नुसती रीत.

मला नोकरी लागली आणि काही महिन्यांनी माझं लग्न झालं. सोमवारी मंगळसूत्र पदरावर काढून मी टेलिफोनच्या बोर्डावर बसले.

"राजीनामा दिलास?"

"नॉट येट, सर."

पुढं वर्षभर त्यांचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. मग त्यांनी विचारणं सोडलं.

काल दुसऱ्या बोर्डासाठी पद्मा मुलाखतीला आली.

"मॅरीड?"

"ऑलरेडी, सर."

साहेबांनी केबिनच्या काचेतून माझ्याकडं पाहिलं. पद्माचं इंग्रजी मीच घोटून घेतलं होतं.