मोडीचं सोनं

"बाईसाहेब, मोड?" गोविंद सोनाराने विचारलं.

"मोड," पडद्याआडून शरयू म्हणाली.

तिची वज्रटीक मुशीत पडली. शेगडीतले कोळसे फुलले होते. गोविंदने फुंकणी तोंडाला लावली. दागिना नको असतो, त्यातलं सोनं तेवढं हवं असतं, तेव्हा सराफ्यात त्याला मोड म्हणतात. गोविंदच्या घराण्याची एक रीत होती. जिचा दागिना, तिने स्वतःच्या तोंडाने मोड म्हटल्याशिवाय तो विस्तवाला लावायचा नाही, मग घरधनी काही का म्हणेनात. म्हणून तर आज तो दुकान सोडून शेगडी घेऊन छावणीतल्या या घरी आला होता.

घरधनी महिपतराव लोडाला टेकून बसले होते. पुढच्या महिन्यात त्यांचं दुसरं लग्न होतं. शरयूला मूल नव्हतं, एवढं कारण भाऊबंदांना पुरलं होतं. इंदूरच्या नव्या नवरीला नव्या घडणीचा हार हवा होता. "असले जुनाट दागिने आता घालतं कोण?" असं महिपतराव म्हणाले आणि शरयूने मुकाट्याने डबा आणून ठेवला. नको म्हणायलाही आत काहीतरी दुखावं लागतं. सवत येणार हे कळल्यापासून तिला काही दुखतच नव्हतं. भाऊबंद म्हणत होते, शरयू मोठी समजूतदार.

हातातली पाटली ओढून काढताना शेजारची काचेची बांगडी तडकली. तुकडे फरशीवर पडले.

"बांगडी फुटली," शरयू म्हणाली.

महिपतराव दचकलेच. "फुटली काय म्हणतेस? वाढवली म्हण! सवाष्ण बाई तू. असलं बोललेलं नवऱ्याच्या जिवावर येतं."

घरात दुसरी बायको आणायला हा माणूस घाबरला नव्हता, पण एका शब्दाने त्याचा चेहरा उतरला होता. शरयूला हसू यायला हवं होतं. तेही आलं नाही.

"वाढवली," ती म्हणाली.

मग पाटल्या गेल्या, ठुशी गेली, आईने घातलेले तोडे गेले. गोविंद दरवेळी विचारायचा आणि पडद्याआडून एकच शब्द यायचा. शेवटी त्याने तराजू उचलला, पाहिलं आणि मान हलवली.

"सरकार, थोडं कम पडतंय. हार बनेल, पर पदक नाही बनणार."

महिपतरावांनी पडद्याकडे तोंड केलं. "अगं, आणखी काही आहे का तुझ्याकडे?"

पडद्याखालून तबक पुढे सरकलं. गोविंदने हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तबकात मंगळसूत्र होतं.

"बाईसाहेब, ये मैं कैसे..."

महिपतराव ताडकन उभे राहिले. "मी जिवंत आहे अजून! दोरा तुटला असेल तर वाढवलं म्हणावं, नव्याने ओवून घ्यावं. हे मोडीत कसलं घालतेस?"

शरयू पडदा सारून बाहेर आली.

"वाढवलं म्हणतात, ते पुन्हा घालायचं असतं म्हणून," ती म्हणाली. "गोविंदभैया, हे मोड."