दहा पावलांवर

पोपटने चौथ्यांदाही मारलंच. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा, त्यात चहाची टपरी, आणि समोर एक अनोळखी माणूस त्याला आईवरून शिव्या देत होता. पोपटचा उजवा हात हवेत फिरला. डाव्या हाताला बावीस टाके होते, आणि ते पडल्यापासून रात्रीची झोप उडाली होती. बांधाच्या भांडणात शेजारच्या चांगोने कोयता घातला होता.

मार खाल्लेला माणूस बरा झाला की उलटा मारायला निघतो, मग पुन्हा इथंच येतो, नाहीतर येतच नाही, म्हणून हात न उचलता मागं फिरायला शिकायचं, असं खोपोलीच्या या दवाखान्यातल्या समुपदेशक छायाताईंनी आधीच सांगितलं होतं. आता त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्या हाताकडं बघा. आणि मागं सरा."

पाचव्यांदा पोपट मागं सरला. एकच पाऊल. तेवढ्यानंही बनियन घामाने भिजली.

घरी न्यायला धाकटा भाऊ मनोज टेंपो घेऊन आला होता. चांगो जामिनावर सुटलाय, रोज दुपारी फाट्यावर चहाला बसतो, असं सांगत त्याने सीटखालचा कोयता पायाने पुढं सरकवला.

कर्जतच्या वाटेवर फाटा आला तसा मनोजने टेंपो उभा केला. चांगो बाकड्यावर एकटाच होता. मनोजने कोयता पुढं केला. पोपटने तो घेतला नाही. पण उतरला.

दहा पावलं उरली तेव्हा चांगो उठला. त्याचा एक हात कमरेमागे गेला. टपरीवाली भागूबाई उकळता चहा तसाच सोडून आत सरकली. चांगोने शिवी हासडली, आईवरूनच. पोपटच्या उजव्या हाताची मूठ वळली. इथं काढून ठेवायला डोळ्यांवर चष्मा नव्हता.

तो चांगोच्या हाताकडं बघत राहिला. मग एकदा त्याच्या लाल, तारवटलेल्या डोळ्यांकडं बघितलं. दोन्ही तळवे उघडे धरून एक पाऊल मागं आला. मग दुसरं. असं करत टेंपोच्या दारापर्यंत. चांगो जागचा हलला नाही.

मनोजचा चेहरा लाल झाला होता. "मग उतरलास कशाला, दादा?"

पोपटने आत बसून दार ओढून घेतलं.

"डोळं बघितलंस त्याचं? त्यालाबी झोप नाय रं, मन्या."