गैरहजर

बासष्ट नंबर पुकारला तशी रुचा उठली आणि पाच मिनिटांत दहाही बोटांचे ठसे देऊन परत आली. उल्हास शेडगेच्या हातातल्या चिठ्ठीवर त्रेसष्ट होता. ग्रीन कार्डाच्या रांगेत आठ वर्षं काढल्यावर कुठे आज ठशांची तारीख मिळाली होती. ती हुकली की फाइल पुन्हा तळाला. पार्सिपनीच्या घरून निघताना रेणूने नवऱ्याला तीनदा बजावलं होतं, "अहो, नंबर पुकारला की लगेच उठा. तुमच्या तंद्रीत बसू नका."

रुचाने बॅगेतून निबंध काढला. बारावीतली पोरगी, पण वेळ म्हणून फुकट घालवायची नाही.

"बाबा, शेवटचा पॅरा जमत नाहीये यार. मंडेपर्यंत सबमिट करायचाय."

विषय तिनेच निवडला होता. जपानच्या उत्तरेकडचे एमिशी लोक. बाराशे वर्षांपूर्वी सम्राटाच्या फौजांनी त्यांना हरवलं आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना बायकापोरांसकट उचलून दूरदूरच्या प्रांतांत नेऊन वसवलं.

"ऐक ना. त्यांना राइस मिळायचा, कपडे मिळायचे, टॅक्स माफ होता. तरी पुन्हा पुन्हा रिव्होल्ट केलं. एका ठिकाणी देवळं जाळली, एका ठिकाणी लोकांची घरं जाळून डोंगरात पळाले. व्हाय? मी लिहिलंय, दे वेअर अनग्रेटफुल."

"कशावरून?"

"सरकारी रेकॉर्डमध्ये तसंच आहे. म्हणे ह्यांचं मन अजून जंगलीच आहे."

"लिहिणारा सरकारचाच ना?"

"हो, पण सरकार एवढंही वाईट नव्हतं बाबा. हे बघ, सन एट-फोर्टीनला ऑर्डर काढली होती. ऑफिसर आणि गावचे लोक ह्यांना नावाने हाक मारत नाहीत, सगळ्यांना नुसतं कैदी-कैदी म्हणतात. ह्यांना त्याची लाज वाटते. सो, आजपासून नावाने हाक मारा. स्वीट ना?"

उल्हासने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"आणि बंड कधी केलं त्यांनी?"

"दॅट्स द थिंग! मोठी बंडं ह्याच्यानंतरची आहेत."

"हुकूम निघाला म्हणजे पाळला, असं थोडंच असतं," तो म्हणाला.

तो नऊ वर्षांचा असताना त्यांचं गाव धरणात गेलं. सरकारने सत्तर मैलांवर माळरानात पत्र्याच्या खोल्या दिल्या, महिन्याचं धान्य दिलं. खोटं का बोला, दिलं. जमीनवाटपाच्या दिवशी टेबलामागून कारकुनाने यादी वाचायला घेतली. "धरणग्रस्त नंबर एकशे पंधरा." हजर. "एकशे सोळा." हजर. "एकशे सतरा." उल्हासचे वडील पुढच्याच ओळीत उभे होते, पण तोंड उघडेनात. कारकुनाने दुसऱ्यांदा पुकारलं. वडील म्हणाले, "मला नाव हाय. धोंडिबा शेडगे." माणसं हसली. कारकून म्हणाला, "नाव तुझ्या घरी." आणि पेन टेकवून लिहिलं, गैरहजर.

चार एकर गेले. धोंडिबा शेडगे मरेपर्यंत साखर कारखान्याच्या गेटवर पहारा देत बसला. उल्हासने बापाला ह्या गोष्टीची माफी कधीच दिली नाही. एक शब्द, तीन अक्षरं, तोंडातून काढायला काय जात होतं? कॉलेजात, पुण्याच्या कंपनीत, इथे अमेरिकेत, जिथे जो नंबर मिळाला त्याला त्याने मुकाट्याने ओ दिली. रुचाला तर आजोबांबद्दल एवढंच माहीत होतं की ते फार हट्टी होते.

"नंबर सिक्स्टी-थ्री!"

आकडा एकशे सतराच निघाला असता तर गोष्ट कशी छान जुळली असती. पण नव्हता. साधा त्रेसष्टच होता, आणि उल्हासला उठायचंच होतं. त्याने खुर्चीच्या दांड्यावर हातही टेकला. पण पाय उचलेनात.

"बाबा, आपला नंबर!"

"नंबर सिक्स्टी-थ्री!" खिडकीतल्या बाई पुन्हा ओरडल्या. समोरच्या बाकावरचा माणूस आपली चिठ्ठी उलटसुलट करून बघू लागला.

"बाबा, प्लीज! काय करतोयस? आई आपल्याला मारून टाकेल!" रुचा त्याचा दंड धरून ओढत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला ते दिसत होतं. त्या दिवशी धोंडिबाचा सदरा त्यानेही असाच ओढला होता.

बाईंनी चौसष्ट पुकारायला तोंड उघडलं, मग काय वाटलं कोण जाणे, खिडकी सोडून त्या बाहेर आल्या. हातात फाइल होती. चष्मा नाकावर ओढून त्यांनी वरचं नाव वाचायला घेतलं. कागदावर होतं तसं, अख्खं, अडखळत.

"मिस्टर... अल-हास... डॉन-डी-बा... शेज?"

उल्हास ताडकन उठला. आवाज इतका मोठा निघाला की अख्खी खोली वळून बघायला लागली.

"हजर!"