उसनी बंदूक

आर्विडची बायको जाऊन आठवडा झाला होता. शेजारच्या कुरणावरचा लेलँड त्याच्या दारात आला आणि वाटभर घोकलेलं वाक्य एका दमात बोलून मोकळा झाला. "कोल्हे सोकावलेत रे. काल दोन कोकरं नेली. तुझी बंदूक दे थोडे दिवस."

आर्विड त्याच्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन बंदूक घेऊन आला. काडतुसांचा डबाही त्याने न मागता दिला.

मोंटानातला तो लांबलचक हिवाळा सरेपर्यंत लेलँड दर रविवारी सूप घेऊन जायचा. आर्विड विचारायचा, "सापडला का कोल्हा?"

"लबाड आहे. हाती लागत नाही," लेलँड सुपाच्या भांड्याकडे बघत सांगायचा.

बर्फ वितळलं. एका सकाळी गोठ्यातून आर्विडची शीळ ऐकू आली, तेव्हा कुठे लेलँड बंदूक घेऊन परत आला. आर्विड मेंढी गुडघ्यांत दाबून लोकर कातरत होता.

"कोल्हा गेला एकदाचा," लेलँड म्हणाला.

"तुझ्याकडे कोकरं कुठली, बाबा? सगळा कळप दोन वर्षांपूर्वी मलाच विकलास की."

लेलँडचे कान लाल झाले. "मग बंदूक दिलीस कशाला?"

आर्विडने मेंढीला सोडून दिलं.

"त्या दिवशी ती टेबलावरच होती. कुणी मागायला येतंय का, म्हणून सकाळपासून वाट बघत बसलो होतो."